सोळा व्होल्टची वेस

अल्टरनेटरला थांबायचं कळत नाही. इंजिन फिरतं आहे आणि फील्ड कॉइलमधून प्रवाह जातो आहे, तोवर तो वीज ओतत राहणार. समोरची बॅटरी भरलेली आहे की रिकामी, पॅनेलवरचे पडदे ती वीज सोसतील की नाही, याचा हिशेब ठेवायचं काम व्होल्टेज रेग्युलेटरचं. ही तळहातावर मावणारी डबी दोन प्रकारे बिघडते. पहिल्या प्रकारात अल्टरनेटर बंद पडतो. वैमानिकाला दिवा दिसतो, तो बॅटरीच्या भरवशावर जवळचा विमानतळ गाठतो आणि उतरतो. दुसऱ्या प्रकारात अल्टरनेटर पूर्ण ताकदीने मोकाट सुटतो. १४ व्होल्टच्या तारांमध्ये १६, १८, २० व्होल्ट चढतात आणि विमानात जे जे विजेवर चालतं ते सगळं एकाच वेळी, एकाच कारणाने धोक्यात येतं.

कारखान्यातून आलेल्या विमानात या दुसऱ्या बिघाडाची काळजी कायद्याने घेतलेली असते. अमेरिकेच्या विमान-नियमांच्या जुन्या भाग २३ मध्ये, कलम २३.१३५१ खाली, स्पष्ट म्हटलेलं होतं की प्रत्येक जनरेटर किंवा अल्टरनेटरला ओव्हरव्होल्टेज आवरणारी योजना हवी, म्हणजे विद्युत यंत्रणेला किंवा तिच्यावर चालणाऱ्या उपकरणांना इजा होणार नाही. सेसनाच्या जुन्या छोट्या विमानांत बसलेल्यांना पॅनेलवरचा दोन अर्ध्यांचा लाल मास्टर स्विच आठवेल. एक अर्धा बॅटरीचा, दुसरा अल्टरनेटरचा. अल्टरनेटर वेगळा बंद करता यावा, एवढ्यासाठीच तो दुभंगलेला आहे.

घरी बांधलेल्या विमानाला हे कलम लागू नाही. तिथे निर्णय बांधणाऱ्याचा.

अशी माणसं थोडीथोडकी नाहीत. पॉल पोबरेझ्नी यांनी १९५३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी इथे एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन स्थापन केली. १९७० पासून तिचा वार्षिक मेळावा त्याच राज्यातल्या ऑशकॉशला भरतो आणि जुलैच्या अखेरीस त्या परिसरात दहा हजारांच्या आसपास विमानं उतरतात. ओरेगनच्या रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांनी सुरू केलेल्या आरव्ही मालिकेतली दहा हजारांहून जास्त विमानं हौशी लोकांनी बांधून उडवली आहेत. अट एवढीच की विमानाचा अर्ध्याहून अधिक भाग हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून स्वतः बांधलेला असावा. तपासनीस येतो, कागद पाहतो, विमान पाहतो, आणि ठरावीक हद्दीत साधारण २५ किंवा ४० तास चाचणी-उड्डाणं करायला सांगतो. सर्किट कसं आखलंय याची परीक्षा तो घेत नाही.

आपल्याकडे गोष्ट उलट आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं आणि २०१७ मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी हा नोंदणी क्रमांक मिळाला. त्या एका नोंदणीसाठी त्यांना किती वर्षं झगडावं लागलं हे मराठी वाचकांनी वर्तमानपत्रांतून वाचलेलं आहे. अमेरिकेत दार उघडं आहे. म्हणून आतल्या प्रत्येक तारेची जबाबदारीही बांधणाऱ्यावरच येऊन पडते. मला हा सौदा चांगला वाटतो. पण मिळालेलं स्वातंत्र्य कुठे वापरायचं आणि कुठे कारखानदारांच्या जुन्या शहाणपणाला मान द्यायचा, हे ज्याला ओळखता येत नाही त्याच्या विमानात बसायची माझी तयारी नाही. ओव्हरव्होल्टेज ही अशी जागा आहे.

पत्रा कापणं, भोकं पाडणं, रिव्हेट ठोकणं यात तरबेज झालेला माणूस वायरिंगपाशी येऊन अडखळतो. वाकडा बसलेला रिव्हेट डोळ्यांना दिसतो, बोटाला लागतो. पुन्हा ड्रिल करून काढता येतो. तारेच्या टोकाला दाबून बसवलेला क्रिम्प सैल असला तरी मात्र वर्षभर नीट वागतो आणि एखाद्या दिवशी धक्क्याने सुटतो. म्हणून या माणसाला आधी अल्टरनेटर आतून समजायला हवा.

आत दोन गोष्टी. मधोमध फिरणारा रोटर, त्यावर गुंडाळलेली फील्ड कॉइल. भोवती स्थिर असलेला स्टेटर, त्यात तीन फेजची वाइंडिंग. दोन कार्बन ब्रश आणि दोन स्लिप रिंग यांच्यामार्फत फील्ड कॉइलला तीन-चार अँपिअरचा प्रवाह मिळतो, ती चुंबक बनते, आणि तिच्या फिरण्याने स्टेटरमध्ये वीज निर्माण होते. सहा डायोड त्या उलटसुलट विजेला एका दिशेला लावतात. फील्डमधले हे तीन-चार अँपिअर म्हणजे धरणाच्या दरवाजाची चावी; ती थोडी फिरवली की पलीकडून साठ अँपिअरचा लोंढा कमी-जास्त होतो. रेग्युलेटर तेवढी चावी हातात धरून बसलेला असतो. बसबारवरचं, म्हणजे जिथून सगळ्या उपकरणांना वीज वाटली जाते त्या पट्टीवरचं, व्होल्टेज १४.२ च्या खाली गेलं की फील्ड वाढवायचं, वर गेलं की कमी करायचं, सेकंदाला शेकडो वेळा.

आधीच्या पिढीतला डीसी डायनामो मंद फिरत असला की जवळपास काहीच देत नसे. सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाले तसा अल्टरनेटर मोटारींत आला. क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंट गाडीत तो सर्रास बसवला, आणि त्या दशकात तो छोट्या विमानांतही शिरला. हलका, इंजिन मंद असतानाही चार्ज करणारा, देखभाल कमी. पण त्याच्यात जोरही जास्त. विमानाच्या लायकमिंग इंजिनाच्या पुढच्या मोठ्या चाकावरून पट्टा घेतला की अल्टरनेटर मिनिटाला आठ-नऊ हजार फेऱ्यांनी फिरतो. त्या वेगाला फील्ड पूर्ण उघडं राहिलं आणि समोर बॅटरी नसली, तर हेच १४ व्होल्टचं यंत्र शंभर व्होल्टच्या पलीकडे जाऊ शकतं.

फील्ड पूर्ण उघडं राहण्याची कारणं साधी आहेत. रेग्युलेटरमधला पॉवर ट्रान्झिस्टर जळतो तेव्हा अनेकदा तो आतून जोडला जातो, म्हणजे नळ उघडाच राहतो. व्होल्टेज मोजायला बसबारकडे गेलेली तार तुटली तर काही रेग्युलेटरांना वाटतं की व्होल्टेज शून्य आहे, आणि ते जिवाच्या आकांताने फील्ड वाढवत सुटतात. रेग्युलेटरची अर्थिंग सैल झाली तरी मोजमाप चुकतं. फील्डची तार अल्टरनेटरच्या जाड तारेला घासून दोन्हींचं इन्सुलेशन गेलं, तर मग रेग्युलेटर काय करतो याला अर्थच उरत नाही. या शेवटच्या बिघाडावर पुढे येणारे बहुतेक उपाय चालत नाहीत. म्हणून फील्डची तार जाड तारेपासून दूर ओढावी, आणि हे काम विमान बांधतानाच करता येतं.

सुदैवाने बॅटरी मध्ये उभी असते. साठ अँपिअरचा अल्टरनेटर सुटला आणि विमानात वीस अँपिअर खर्च होत असले, तर उरलेले चाळीस बॅटरीत घुसतात. चांगली लेड-ॲसिड बॅटरी तो मारा झेलताना व्होल्टेज दाबून धरते, पण काही काळच. पंधराच्या पुढे तिच्यातून वायू जोराने सुटू लागतो, ती तापते, आणि जितकी तापते तितका अधिक प्रवाह ओढते. बॅटरी जुनी, थकलेली असेल तर हा अवधी आणखी आखडतो. आरटीसीए या संस्थेच्या डीओ-१६० या विमान-उपकरणांच्या चाचणी-मानकाच्या एका वर्गात २८ व्होल्टच्या उपकरणाने ८० व्होल्टचा झटका सेकंदाच्या दहाव्या भागापुरता सोसावा अशी अपेक्षा असते. दहावा भाग, सलग दहा सेकंद नव्हे. शिवाय हौशी विमानांसाठी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूने ही चाचणी दिलेली नसते.

तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या घरगुती विमानात या सगळ्याचं फार ओझं नव्हतं. इंजिनाला दोन मॅग्नेटो. इंजिन फिरतं त्यातूनच ठिणगी, बॅटरीशी संबंध नाही. वेगमापक, उंचीमापक हवेच्या दाबावर, जायरो व्हॅक्यूम पंपावर. ओव्हरव्होल्टेज झालं तर एक रेडिओ आणि एखादा दिवा जायचा. आता त्याच मापाच्या विमानात दोन मोठे पडदे असतात, त्यांत उंची, वेग, दिशा, इंजिनाचं तापमान सगळं एकवटलेलं. ऑटोपायलट, जीपीएस, ट्रान्सपॉन्डर आहेतच. त्याहून पुढचं पाऊल म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशन, आणि काही जण तर इंधनाचं इंजेक्शनही संगणकावर सोपवतात. मोटारीचं सुबारू इंजिन किंवा माझ्दाचं रोटरी इंजिन विमानात बसवणाऱ्यांचं इंजिन पहिल्या दिवसापासून विजेवरच अवलंबून असतं. इंधनपंप विजेचा, ठिणगी विजेची. दोन इग्निशन बसवली, दोन पंप बसवले आणि दोन्ही एकाच बसबारवर लटकवले, तर एका ट्रान्झिस्टरच्या मरणात दोन्ही सोबत जातात. जोडीने बसवलेल्या वस्तू पाहून मनाला येणारा निर्धास्तपणा इथे खोटा ठरतो, आणि ओव्हरव्होल्टेजला मी इतर बिघाडांहून वेगळं मानतो ते याच कारणाने.

यावरचा हौशी जगातला सर्वांत परिचित उपाय कॅन्सस राज्यातून आला. विचिटाच्या विमान-उद्योगात काम केलेले विद्युत अभियंते रॉबर्ट नकल्स यांनी ‘एरोइलेक्ट्रिक कनेक्शन’ हे पुस्तक लिहिलं आणि त्याला विमानाच्या संपूर्ण वायरिंगचे नकाशे जोडले. झेड अक्षर आणि पुढे क्रमांक अशी त्या नकाशांची नावं. पुष्कळ बांधणारे आपल्या विमानाची ओळख ‘झेड-११ प्रमाणे’ किंवा ‘झेड-१३ प्रमाणे’ अशीच करून देतात. त्याच राज्यातल्या न्यूटन गावची बी अँड सी स्पेशालिटी प्रॉडक्ट्स ही कंपनी त्यांच्या कल्पनांवर आधारलेले रेग्युलेटर बनवू लागली. तिच्या एलआर-३ या डबीत रेग्युलेटर, ओव्हरव्होल्टेजचा पहारा आणि व्होल्टेज घसरल्याचा इशारा, तिन्ही एकत्र आहेत.

पहारा देणाऱ्या भागाला क्रोबार म्हणतात. बसबारवरून फील्डकडे जाणाऱ्या तारेत आधी पाच अँपिअरचा, हाताने ओढता येणारा सर्किट ब्रेकर. त्याच्या पुढे, तार आणि अर्थिंग यांच्यामध्ये, हे छोटं मॉड्यूल. एरवी ते नुसतं व्होल्टेज पाहत असतं. साधारण १६ ते १६.५ व्होल्टची वेस ओलांडली गेली आणि काही मिलिसेकंद ओलांडलेलीच राहिली, की त्यातला एससीआर हा इलेक्ट्रॉनिक स्विच पेटतो आणि फील्डचा पुरवठा थेट अर्थिंगला टेकवतो. क्षणभर शंभराहून अधिक अँपिअर धावतात, ब्रेकर पटकन बाहेर येतो, फील्ड मरतं, अल्टरनेटर गप्प होतो. रेग्युलेटरचा ट्रान्झिस्टर जोडला गेलेला असो की व्होल्टेज मोजणारी तार तुटलेली असो, फरक पडत नाही. ज्या तारेतून त्यांना फील्ड पुरवायचं असतं तीच मागे तोडलेली असते.

मुद्दाम शॉर्ट-सर्किट करायचं ही कल्पना पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हादरवते, आणि तिच्यावर वर्षानुवर्षं वाद झाले आहेत. विरोधकांचं म्हणणं, साधा रिले मध्ये घाला, व्होल्टेज चढलं की तो उघडेल, एवढा धिंगाणा कशाला? माझा कौल क्रोबारला आहे. रिले फील्डच्या मार्गात कायमचा बसतो. प्रत्येक उड्डाणात त्याच्या संपर्कबिंदूंमधून प्रवाह जातो, ते काळे पडतात, आणि एखाद्या दिवशी काहीही बिघडलेलं नसताना तो अल्टरनेटर बंद पाडतो. क्रोबार बाजूला उभा असतो. चांगल्या दिवसांत त्याच्यातून जवळपास काहीच वाहत नाही, तो नवा सांधा निर्माण करत नाही. आणि तो पेटला तर पुरावा मागे राहतो. बाहेर आलेला ब्रेकर वैमानिकाला दिसतो.

पण क्रोबारचाही एक दोष आहे: तो कधी कधी उगाच पेटतो. स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोठ्या रिलेच्या, कॉइलवर डायोड लावायचा राहिला की तो बंद होताना झटका मारतो. मोठं उपकरण एकदम बंद झालं की बसबारवर क्षणिक उसळी येते. मॉड्यूलची गाळणी पुरेशी संथ नसेल तर ते या क्षणिक उसळीलाच ओव्हरव्होल्टेज समजतं. दोन-तीनदा असं झालं की माणूस वैतागून मॉड्यूलची तार काढून टाकतो आणि मग बिनपहाऱ्याने उडत राहतो. उगाच ओरडणारा पहारेकरी ही गैरसोय नाही, तो सुरक्षेतला बिघाड आहे, आणि त्याचा शोध डायोड, अर्थिंग आणि जोडण्या तपासूनच घ्यावा लागतो. उड्डाणात ब्रेकर बाहेर आला तर एकदा आत दाबून पाहावा. पुन्हा आला तर तो हात परत तिकडे न्यायचा नाही.

खरी गुंतागुंत झाली ती मोटारीच्या अल्टरनेटरांमुळे. जपानी बनावटीचे छोटे, हलके, भंगाराच्या यार्डातही मिळणारे निप्पॉनडेन्सो अल्टरनेटर हौशी विमानांत लोकप्रिय झाले. त्यांचा रेग्युलेटर आतच असतो. बाहेरून येणारी बारीक तार त्याला फक्त जागं करते. फील्डची वीज तो अल्टरनेटरच्या स्वतःच्या जाड तारेवरून घेतो. ती बारीक तार तोडून बिघडलेला रेग्युलेटर थांबेलच अशी खात्री नाही. क्रोबारने मागे तोडायची तारच इथे नाही.

यावर एक तोडगा निघाला: अल्टरनेटरच्या जाड तारेतच एक मोठा कॉन्टॅक्टर बसवा आणि ओव्हरव्होल्टेज झालं की तो उघडा. विमान वाचतं हे खरं. पण अल्टरनेटर चाळीस अँपिअर देत असताना ती तार एकाएकी तोडली, तर फील्डमध्ये साठलेलं चुंबकत्व लगेच विरत नाही आणि समोर बॅटरीही उरत नाही. व्होल्टेज वर उसळतं. मोटार-उद्योग याला लोड डंप म्हणतो. आयएसओ ७६३७-२ या मानकाच्या २००४ च्या आवृत्तीत १२ व्होल्टच्या गाडीसाठी त्याची चाचणी ६५ ते ८७ व्होल्टची, ४० ते ४०० मिलिसेकंद टिकणारी होती. आतला रेग्युलेटर त्या उसळीत मरू शकतो. मग असं घडू लागलं की पहाऱ्याने उगाच कॉन्टॅक्टर उघडला, किंवा वैमानिकानेच चालू भारात स्विच खाली-वर करून पाहिला, आणि धडधाकट अल्टरनेटर गेला. अल्टरनेटर विकणारे कॉन्टॅक्टरला दोष देत, कॉन्टॅक्टरवाले अल्टरनेटरला.

दोघांचंही म्हणणं अर्धं खरं होतं. मोटारीच्या कारखान्यातले अंतर्गत रेग्युलेटर लाखो गाड्यांत तावून सुलाखून निघालेले असतात. त्यांचा बिघडण्याचा दर खरोखर कमी. पण गाडीत ओव्हरव्होल्टेज झालं तर माणूस रस्त्याच्या कडेला थांबतो. आणि भंगारातून आलेला किंवा पुन्हा बांधून विकलेला अल्टरनेटर त्या कारखान्याच्या गुणवत्तेचा असेलच असं नाही. पुढे काही बनवणाऱ्यांनी शहाणा मार्ग काढला: अंतर्गत रेग्युलेटर ठेवायचा, पण फील्डचा पुरवठा बाहेरच्या ब्रेकरमधून येईल असा अल्टरनेटर बदलायचा आणि क्रोबारही त्यातच बसवायचा. प्लेन-पॉवरचे हौशी विमानांसाठीचे अल्टरनेटर त्या जातीचे. कोणत्याही बनावटीबद्दल बांधणाऱ्याने विचारायचा प्रश्न मात्र एकच: हा अल्टरनेटर मला बाहेरून, खात्रीने, त्याला इजा न करता बंद करता येतो का?

लिथियम बॅटऱ्यांनी या प्रश्नाला नवी धार आणली आहे. लिथियम-आयर्न-फॉस्फेटचे चार सेल एकापुढे एक जोडले की पूर्ण भरलेलं व्होल्टेज १४.६ च्या आसपास जातं. म्हणजे आपल्या वेशीत आणि बॅटरीच्या मर्यादेत फार अंतर नाही. वजन तिसऱ्या हिश्शावर येतं म्हणून हौशी लोक त्या आनंदाने घेतात. अनेकींच्या आत सेलना जपणारं एक इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. व्होल्टेज फार चढलं की ते बॅटरीला यंत्रणेपासून तोडतं. बॅटरी वाचते. पण अल्टरनेटर सुटलेला असताना व्होल्टेज दाबून धरणारी एकच गोष्ट विमानात होती, आणि नेमक्या त्या क्षणी ती निघून गेली. बसबारवर उरतो एकटा, पूर्ण फील्डवर फिरणारा अल्टरनेटर. म्हणून लिथियम बसवणाऱ्याच्या विमानात ओव्हरव्होल्टेजचा पहारा बॅटरीच्या आतल्या सर्किटाआधी जागा झाला पाहिजे. बॅटरी घेतली आणि पहारा पुढच्या हिवाळ्यावर ढकलला, असं करू नये.

भारतातल्या मायक्रोलाइट विमानांना अल्टरनेटरची ही कथा जशीच्या तशी लागू नाही. त्यांच्यात बहुधा ऑस्ट्रियाचं रोटॅक्स ९१२ इंजिन असतं आणि त्याच्या मागे सुमारे २५० वॅटचा, कायमस्वरूपी चुंबकांचा डायनामो. त्यात फील्ड कॉइलच नाही, म्हणून बंद करायलाही काही नाही. इंजिन फिरतं तोवर चुंबकं फिरणार. इथे रिले डायनामो आणि रेग्युलेटर यांच्यामधल्या एसी तारेत बसवावा लागतो, आणि व्होल्टेज चढलं की तिथे तोड करावी लागते. रेग्युलेटरच्या पुढे २२,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायला रोटॅक्स सांगते. बॅटरी सुटली तरी व्होल्टेज सावरून धरायला तो कामी येतो. डायनामो लहान असल्याने व्होल्टेज चढण्याचा वेगही कमी. पण तेवढाच छोटा संसार सांभाळणाऱ्या विमानाला तो २५० वॅटही बाधू शकतो.

पहाऱ्याने काम केलं, ब्रेकर बाहेर आला, अल्टरनेटर गेला. आता पुढे काय, याचं उत्तर ज्याच्याकडे तयार आहे त्याचाच पहारा खरा. नकल्स यांनी यासाठी एन्ड्युरन्स बस मांडली: उतरेपर्यंत ज्यांच्याशिवाय भागणार नाही अशी मोजकी उपकरणं वेगळ्या बसवर, तिला एका डायोडमधून मुख्य बसचा पुरवठा, आणि एका स्विचने थेट बॅटरीचा. अल्टरनेटर गेला की तो स्विच चालू, मास्टर बंद. मास्टर कॉन्टॅक्टरची कॉइल स्वतःच जवळपास एक अँपिअर खाते, तोही वाचतो. १७ अँपिअर-अवरच्या बॅटरीवर पाच अँपिअरचा खर्च कागदावर तीन तासांहून जास्त चालतो. प्रत्यक्षात कमी, आणि जुन्या बॅटरीवर बरंच कमी. ज्याला टाकीत चार तासांचं इंधन घेऊन ढगांवरून जायचंय, त्याने व्हॅक्यूम पंपाच्या रिकाम्या जागी आठ अँपिअरचा छोटा एसडी-८ अल्टरनेटर बसवावा, म्हणजे हा हिशेब बॅटरीच्या वयावर अवलंबून राहत नाही.

दिवा मात्र हवाच. अल्टरनेटर गेल्याचं वैमानिकाला रेडिओ बंद पडल्यावर कळता कामा नये. बसबार १३ व्होल्टच्या खाली आला की डोळ्यांसमोर लुकलुकणारा इशारा, हे नकल्स यांनी आपल्या नकाशांत धरलेलं आहे. तो दिवा आणि क्रोबार दोन्ही दरवर्षी तपासायचे: मॉड्यूल काढून बदलत्या व्होल्टेजच्या पुरवठ्याला लावायचं, १४ पासून हळूहळू वर न्यायचं, नेमकं कुठे पेटतं ते लिहून ठेवायचं. त्याच दिवशी बॅटरीला ठरावीक भार लावून ती किती वेळ ११ व्होल्टच्या वर टिकते तेही मोजायचं. मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहायचं आणि पुरेशी टिकत नसेल तर बॅटरी बदलायची, ती इंजिन अजून सहज फिरवत असली तरीही.